रिकाम्या पाळीचा भोंगा

उदगीर,
दि. १७ ऑगस्ट २०२५

ती. सिंधुताईस,
भुजंगचा सा. न. वि. वि.

तुझा हट्ट म्हणून कागद घेऊन बसलो आहे. फोनवर मी सर्रास खोटं बोलतो, पण कागदावर मला खोटं लिहिता येत नाही, असं तू राखीच्या दिवशी चारचौघांत म्हणालीस. आता लिहितोच.

आमच्या दाळमिलची तिसरी पाळी एक तारखेपासून बंद झाली, ही गोष्ट खरी आहे. बंदरावर बाहेरची तूर स्वस्त उतरते, आपल्या दाळीला उठाव नाही, गोदाम भरून पडलं आहे. सत्यम तिसऱ्या पाळीलाच मशीनवर होता, म्हणून पोराला लातूरला जावं लागलं. तिथं पार्सलच्या गोदामात लागला आहे. इथं काम नव्हतं म्हणून रडत होता, आता तिथं बारा-बारा तास उभं राहावं लागतं म्हणून रडतो. आजकालच्या पोरांना काम नसलेलं चालत नाही अन् असलेलंही चालत नाही.

माझी काळजी मात्र करू नकोस. आदर्शशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, भुजंगराव, पाळी बंद झाली तरी भोंगा बंद होता कामा नये. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा, तिन्ही वेळा वाजला पाहिजे. गावाच्या कानावर तो पडतो तोवर मिल चालू आहे, आणि ज्या दिवशी पडणार नाही त्या दिवशी आडतवाले तोंड फिरवतील. मी टाइमकीपर, म्हणून ही जबाबदारी त्यांनी फक्त माझ्यावर टाकली आहे. त्यामुळे पावणेसातला जातो, तीनचा वाजवून घरी येतो, जेवून परत अकराचा वाजवायला जातो, दुसरी पाळी हल्ली आठलाच सुटते तरीही. सगळ्यांचे तास कमी झाले, ताई, माझे वाढले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मालकानं मला राव म्हटलं.

कामगार हसतात. हसोत. ज्यांना मंदी म्हणजे काय हे कळत नाही, त्यांच्या हसण्याचं मी काय मनाला लावून घेऊ?

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
भुजंग


नांदेड,
दि. २५ ऑगस्ट २०२५

चि. भुजंगास,
सिंधुताईचे अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा आपण एकाच आईची लेकरं आहोत हे आठवून लाज वाटली म्हणून.

रात्री अकराला रिकाम्या मिलमध्ये जाऊन तू भोंगा वाजवतोस. कोणासाठी? गोदामातल्या उंदरांची पाळी बदलते का त्या वेळी? मी चौतीस वर्षं दवाखान्यात तिन्ही पाळ्या केल्या. दुसरी सिस्टर येईपर्यंत खाट सोडता येत नसे, पाय सुजले तरी. पण त्या खाटेवर माणूस असायचा, भुजंगा. तू रिकाम्या खाटेला सलाईन लावून बसला आहेस, आणि वर सांगतोस की मालक मला राव म्हणाले. एका खुर्चीत आणि एका रावात तुझे सोळा तास गेले. आदर्शशेठला इतका स्वस्त माणूस लातूर जिल्ह्यात दुसरा मिळाला नसता.

आई त्याच मिलमध्ये निवडणीच्या पट्ट्यावर बसायची, हे विसरलास का? तीनचा भोंगा वाजला की हातातली दाळ तिथंच टाकून बाया उठायच्या. मूठभर दाळ पुढ्यात राहिली असली तरी तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदाच होता. एकदा मोठे शेठ स्वतः पट्ट्याजवळ उभे होते आणि एवढी मूठ संपवून जा म्हणाले. आईनं त्यांच्यासमोर मूठ उघडली, दाळ खाली सोडली आणि पदर झटकून निघाली. त्या मिलमध्ये शेठला आणि आईला सारखीच लागू होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे भोंगा. तिच्याच लेकानं त्याची ही दशा केली.

तुझ्या सुनेबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. उज्वलाचा बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरला गेला ना? सात ते तीन ती पट्ट्यावर, चार ते सहा पुस्तकावर, असं आपलं ठरलं आहे. बारावी सुटली की मी तिला नर्सिंगसाठी माझ्याकडे आणणार. तिच्या त्या दोन तासांना धक्का लागला तर मी उदगीरला येईन, आणि मी आले की काय होतं हे तुला ठाऊक आहे.

लोभ आहे. तो वाढवण्यासारखं तू अजून काही केलेलं नाहीस.

ताई


उदगीर,
दि. २ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला येऊ शकलो नाही, त्याचा राग तू फोन न उचलून काढलास. सकाळी सातचा वाजवून निघालो असतो तर तीनच्या आत परत पोचणं शक्य नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या हाती बटण द्यायला शेठ तयार नाहीत. तुझ्या दाराशी ताट तसंच राहिलं असेल, त्याचं मला वाईट वाटतं.

दुसरी पाळीही दसऱ्यापासून बंद आहे. पहिली चालते, पण मालाचा ट्रक येईल त्या दिवशीच. म्हणून शेठनी नवी पद्धत काढली. बायांनी सातच्या भोंग्याला यायचं आणि थांबायचं. पट्टा सुरू होईल तेव्हापासून हाजरी धरायची, ट्रक रिकामा होईल तेव्हा सुटायचं. तीनचा भोंगा आता बायांसाठी नाही, तो गावासाठी आहे, त्यांना पट्टा हेच घड्याळ. याला लवचिक वेळ म्हणतात आणि पुण्याकडे मोठ्या कंपन्यांत हेच चालतं, असं शेठ म्हणाले. पट्टा सुरू होताना जी हजर नसेल किंवा मध्येच उठून जाईल, तिला पंधरा दिवस गेट बंद.

बायांना शिस्त म्हणून नाही. गेटसमोर लिंबाखाली रस्त्याच्या कडेला बसतात, एकमेकींच्या उवा काढतात. उज्वला पुस्तक उघडून बसते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं मिल बंद आहे. शेठना ते बरं दिसेना, म्हणून मीच सर्वांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायला सांगितलं आणि पुस्तकबिस्तक आणायचं नाही अशी ताकीद दिली. सून म्हणून मी उज्वलाला सवलत देत नाही. परवा ती सातच्या भोंग्याला दहा मिनिटं उशिरा पोचली, पट्टा सुरू व्हायचा होता, तरी मी तेवढी मिनिटं तिच्या हाजरीतून कापली. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, भुजंगरावांसारखा निःपक्षपाती माणूस पाहिला नाही.

तू यावर काय लिहिशील ते मला माहीत आहे. पण नोकरी टिकवायची म्हणजे काय, हे सरकारी पेन्शन खाणाऱ्याला कसं कळणार?

राग असला तरी लोभ असावा.

भुजंग


उदगीर,
दि. २८ जानेवारी २०२६

ती. आत्याबाईंस,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही घरातली गाऱ्हाणी सांगणाऱ्या सुनांना नावं ठेवता, म्हणून तीन महिने लिहिलं नाही. आता लिहिते. गाऱ्हाणं समजायचं की बातमी, ते तुम्ही ठरवा.

माझी इंग्रजीची तोंडी परीक्षा काल साडेतीनला होती. मामांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, त्यांनी मान हलवली. मला वाटलं, सोडतील. सकाळी सातला भोंगा झाला, आम्ही सगळ्या शेडमध्ये जाऊन बसलो. पुस्तक नेता येत नाही म्हणून प्रश्नांची उत्तरं तळहातावर लिहून नेली होती. घामानं ती पुसली. ट्रक आला एक वाजता.

तीनचा भोंगा झाला. पूर्वी तो झाला की पट्ट्यावरच्या सगळ्या मुठी एकदम उघडायच्या. काल एकीनंही मान वर केली नाही. सरजाबाई पस्तीस वर्षांपासून तिथं बसतात, त्या खाली मान घालूनच म्हणाल्या की वाजू दे, त्यो आपला न्हाई. मी वर टाइमऑफिसच्या खिडकीकडे बघितलं. मामांचा हात अजून बटणावर होता. त्यांनी मला बघितलं, नक्की बघितलं, आणि मग तोंड फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

पावणेसहाला ट्रक रिकामा झाला. कॉलेजला पळत गेले तर फाटकाला कुलूप. माझी हाजरी लागली पावणेपाच तासांची. त्याआधीचे सहा तास मी कुठं होते, ते कोणत्याच वहीत नाही.

आज सरांना जाऊन भेटले. ते म्हणाले, सहा फेब्रुवारी, साडेतीन, ही शेवटची तारीख. त्या दिवशी नाही आलीस तर वर्ष गेलं समज. ह्यांना लातूरला फोन केला. ते बोलता बोलता झोपले, बारा तास उभं राहिलेल्या माणसाला काय म्हणणार? त्या दिवशी मी कामाला जाऊच नये म्हटलं तर पंधरा दिवस गेट बंद, आणि सध्या ह्या घरात माझ्या हाजरीवर चूल पेटते. मामांचा पगार दिवाळीपासून अर्ध्यावर आला आहे, हे त्यांनी तुम्हाला लिहिलं नसेल.

मला मामांचा राग येत नाही, आत्याबाई. राग यायला समोरचा माणूस मोठा वाटावा लागतो.

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? आशीर्वाद असू द्या, सहा तारखेपुरते तरी.

तुमची,
उज्वला


नांदेड,
दि. १ फेब्रुवारी २०२६

भुजंगास,

आशीर्वाद लिहायला हात चालत नाही, म्हणून तसंच सुरू करते. पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे, चारपर्यंत मिळेल.

अर्ध्या पगारावर दुप्पट तास! आणि हे लपवून तू मला शहाणपण शिकवलंस की नोकरी टिकवणं मला कळत नाही. मला वाटलं होतं तू निदान विकला गेला आहेस. तू तर फुकट गेलास. निःपक्षपाती म्हणे! ज्याला ओलांडून जाताना कोणाला पायही उचलावा लागत नाही, असा उंबरठा झाला आहेस तू.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तू तेव्हा लहान होतास आणि नंतर सांगण्याच्या लायकीचा राहिला नाहीस. १९८१ सालची. माझी नांदेडला नर्सिंगची मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि उदगीरहून निघणारी शेवटची एसटी साडेतीनला होती. एकटीला पाठवायला बाबा तयार नव्हते. आई येणार होती. मी मिलच्या गेटबाहेर पिशवी घेऊन उभी होते. आत त्या दिवशी माल खूप होता, मुकादम बायांवर ओरडत होता, ते मला बाहेर ऐकू येत होतं. तीन वाजले, भोंगा झाला, आणि आई डोक्यावर भुसा तसाच घेऊन बाहेर आली. आम्ही पळत स्टँड गाठलं. ती एसटी चुकली असती तर मी पुढची चाळीस वर्षं त्याच पट्ट्यावर बसले असते.

त्या वेळी टाइमकीपर कोण होता, मला माहीत नाही. त्यानं माझं तोंडही पाहिलं नाही. त्यानं वेळेवर बटण दाबलं, एवढंच केलं. आज त्या खुर्चीवर तू आहेस. तूही रोज वेळेवर बटण दाबतोस, आणि चाळीस बायांतली एकही उठत नाही. भोंग्याची ही किंमत आदर्शशेठनं केलेली नाही. ते काम तुझ्या हातानं झालं आहे.

शुक्रवारी सहा तारीख आहे. मी तुला काही करायला सांगत नाही. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याला सांगतात.

लोभाचं सहा तारखेनंतर बघू.

सिंधु


उदगीर,
दि. ८ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,
भुजंगचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाच तारखेला मिळालं. तीन वेळा वाचलं. उज्वलानं विचारलं काय लिहिलंय, तर म्हणालो, गुडघा दुखतोय म्हणून लिहिलंय. म्हणजे त्या दिवसापर्यंत मी खोटंच बोलत होतो, हेही लिहून टाकतो.

शुक्रवारी हैदराबादहून मिल बघायला दोन पाहुणे येणार होते. त्यांची मोठी मागणी मिळण्यासारखी होती. शेठनी सकाळी दहालाच पट्टा सुरू केला. पोत्यातली निवडलेली दाळच परत पट्ट्यावर ओतली, म्हणजे काम चालू दिसावं. बायांना नव्या ओढण्या दिल्या डोक्याला बांधायला. सहा महिन्यांत पहिल्यांदा चाळीसच्या चाळीस बाया पट्ट्यावर होत्या. आणि पावणेतीनला शेठनी माझ्याकडे माणूस पाठवला, की पाहुण्यांना पाळी दहा ते सहाची सांगितली आहे, आज तीनचा भोंगा वाजवू नका.

ताई, सहा महिने मी कोणी नसताना भोंगा वाजवला. आत माणसं होती त्या दिवशी वाजवू नका म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची किळस आली. तुझ्या पत्रानं आली नव्हती, तुझ्या पत्राचा नुसता राग आला होता.

खिडकीतून उज्वला दिसत होती. ह्या वेळी तिनं वर बघितलं नाही. एकदाही नाही. तीनला एक मिनिट असताना मी बटणाजवळ उभा राहिलो. तीनला दाबलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरलं. त्यातला एक पाहुणा घाबरून विचारायला लागला की कुठं आग लागली काय.

खाली कोणी उठलं नाही. मला वाटलं संपलं, नोकरीही गेली आणि उपयोगही झाला नाही. मग सरजाबाईनं पट्ट्यावरूनच वर बघून मोठ्यानं विचारलं, की भुजंगा, खरा हाय का रं ह्यो? पाहुण्यांसमोर, शेठसमोर. मी खिडकीतून ओरडून सांगितलं की खरा हाय, तीन वाजले, हाजरी मी लिहून राहिलो, सातपासूनची. तिनं मूठ उघडली. दाळ पट्ट्यावर पडल्याचा आवाज वर ऐकू आला, का मला तसा भास झाला, देव जाणे. मग सगळ्याच उठल्या. पट्टा तसाच फिरत राहिला आणि दाळ पुढं सांडत राहिली. आईला मी त्या पट्ट्यावरून उठताना कधी पाहिलं नव्हतं, तू पाहिलंस. आता मीही पाहिलं.

उज्वला नवी ओढणी तिथंच टाकून पळाली. वेळेत पोचली. परीक्षकांनी माझा दिनक्रम या विषयावर दोन मिनिटं इंग्रजीत बोलायला सांगितलं. ती सांगते, मी पाच मिनिटं बोलले, त्यांना थांबवावं लागलं.

शेठनी पाहुण्यांना गाडीत बसवलं आणि वर आले. ओरडले नाहीत. म्हणाले, भुजंगराव, एकोणतीस वर्षांची सवय, हात चुकून गेला असंल, होय ना? मी नुसतं होय म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं त्यांनी, मला दिसत होतं. मी म्हणालो, न्हाई शेठ, मुद्दाम वाजवला. शनिवारपासून मी घरी आहे. बायांना मात्र काढता आलं नाही, सरजाबाईनं सगळ्यांना गेटवर बसवलं आणि सांगितलं की आता सातपासूनची हाजरी लागंल तरच आत येऊ. ट्रक दोन दिवस भरलेलाच उभा आहे.

भोंगा आता शेठ मोबाईलला जोडून आपोआप वाजवतात. आज सातला वाजला तेव्हा मी अंगणात उभा होतो आणि माझा हात भिंतीकडे गेला. लई बेकार वाटलं, ताई. पुढं काय करायचं ते मला माहीत नाही.

लोभ मागायला तोंड नाही. तू म्हणाली होतीस सहा तारखेनंतर बघू, म्हणून आठवण करून दिली.

तुझा,
भुजंग


नांदेड,
दि. १४ फेब्रुवारी २०२६

चि. भुजंगास,
सिंधुताईचे अनेक आशीर्वाद. आणि चि. सौ. उज्वलास अ. उ. आ., तिला हे पत्र वाचायला दे, पुन्हा गुडघ्याची थाप मारू नकोस.

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एक दिवस काम केलंस आणि लगेच बेकार वाटायला लागलं! बाकीच्या दिवसांचं नाही वाटलं कधी. असो. तुझ्या शेठला सांग, तुमच्या मोबाईलचा भोंगा कितीही वाजू द्या, सरजाबाई त्याला खरा हाय का म्हणून विचारायला जाणार नाही.

उज्वलाचा शेवटचा पेपर झाला की तिला घेऊन इकडे ये. सत्यमला सांग, लातूरहून निघताना रात्रीची झोप पुरी करून निघ, मला उभ्याउभ्या पेंगणारा माणूस घरात नको. भाऊबीजेचं ताट मी अजून मांडणीवर तसंच ठेवलं आहे. निरांजनात फक्त तेल घालायचं आहे.

माझ्याकडे सकाळी सातला तुला कोणी उठवणार नाही. पण दुपारी तीनला उज्वलाला वेळ सांगायला तू माझ्या दारात उभं राहायचंस. इथल्या नर्सिंग कॉलेजची मुलाखत असेल त्या दिवशी उज्वलाला सोडायला तू जायचंस, मी नाही. बस चुकवलीस तर गाठ माझ्याशी आहे.

तीनचा भोंगा झाला तेव्हा १९८१ साली मी गेटबाहेर होते, हे तुला लिहिलं. त्या टाइमकीपरचं नाव मला कधी कळलं नाही, याची चाळीस वर्षं खंत होती. उज्वलाला ती राहणार नाही.

लोभ वाढला आहे. हे वाक्य मी कोणाला सहसा लिहीत नाही, तेव्हा कागद जपून ठेव.

तुझी,
ताई